बियांतून आलेल्या मिनी गुलाबाला नवं वाण कधी म्हणायचं, आणि त्याचं वर्णन कसं लिहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या बाल्कनीत दोन मिनी गुलाबांचा संकर केला. चार बोंडं (गुलाबाची फळं) धरली, तीन पिवळी पडून गळाली. उरलेल्या बोंडातून पाच बिया निघाल्या, एक उगवली, आणि आठव्या आठवड्यात त्या बोटभर रोपाला जर्दाळू रंगाचं, नऊ पाकळ्यांचं फूल आलं. असं फूल कुठे पाहिलेलं नाही, तर नाव देऊन नोंद कशी करायची?

आधी नोंदीचा विचार बाजूला ठेवा. बीजरोपाचं पहिलं फूल वर्णनाच्या कामाचं नसतं. रोप जोमात आलं की त्याच रोपावर पंधरा-वीस पाकळ्यांची फुलं येऊ शकतात. अमेरिकन रोझ सोसायटीच्या वर्गवारीत ९ ते १६ पाकळ्या म्हणजे निमदुहेरी आणि १७ ते २५ म्हणजे दुहेरी, म्हणजे तुमच्या फुलाचा वर्गच बदलेल. रंगाचंही तसंच. जर्दाळू आणि पिवळे रंग डिसेंबरच्या थंडीत गडद दिसतात आणि मार्चच्या उन्हात दोन दिवसांत मलईसारखे फिके पडतात. दोन्ही ऋतूंत पाहिल्याशिवाय रंग लिहू नका.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती आकारात. एकच बीजरोप ब्रायरच्या (कलमासाठी वापरतात त्या जोमदार रानगुलाबाच्या) खुंटावर डोळा भरून वाढवलं तर ते मिनी राहीलच असं नाही. खुंटाचा जोर मिळाला की पेरं लांबतात, पानं मोठी होतात, फूलही फुगतं. म्हणून मिनी गुलाबाचं वर्णन नेहमी स्वतःच्या मुळांवर वाढलेल्या रोपांवरून लिहायचं, म्हणजे फांदी कलमांवरून. फूल झडून गेलेली, काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड फांदी घ्या. तीन डोळ्यांचा, सहा ते आठ सेंटिमीटरचा तुकडा कापा, वरचं एक पान ठेवा, खालचं टोक रुजवणाऱ्या पावडरीत बुडवून कोकोपीट आणि परलाइटच्या मिश्रणात खोचा. वरून प्लास्टिकची पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारीत तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. मूळ रोप एवढ्यात कापू नका. ते पेन्सिलीच्या जाडीचं खोड धरू लागलं की एका वेळी दोनच कलमं काढा. निदान सहा कलमं तयार करा आणि त्यांच्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या.

पावसाळ्याचा आग्रह यासाठी की आपल्याकडे जुलै-सप्टेंबरात पानांवर काळे ठिपके येतात आणि थंडीत भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. बुरशीनाशक न मारता दोन कलमं वेगळी ठेवा. ऑगस्टअखेर त्यांचं एकही पान उरलं नाही तर फूल कितीही देखणं असो, ते रोप पुढच्या संकरासाठी पालक म्हणून ठेवा, वाण म्हणून नाही. निवडीत बहुतेक जण फुलाकडे पाहतात आणि झाड विसरतात.

आता वर्णन. सहाही कलमांवर पूर्ण वाढलेली प्रत्येकी किमान दोन पानं आणि दोन ताजी उमललेली फुलं मोजा. रंगासाठी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता लागतो. तो महाग असतो. एखाद्या फळ-फुल संशोधन केंद्रात बसून वापरू देतात का ते विचारा. मोबाइलमधला फोटो रंगाचा पुरावा होत नाही. तक्ता थेट उन्हात किंवा बल्बखाली धरायचा नाही, उत्तरेकडच्या खिडकीतल्या मोकळ्या उजेडात धरायचा. पाकळीची आतली बाजू, मधला भाग, कड आणि बुडाचा डाग हे वेगवेगळे जुळवायचे. बाहेरची बाजू वेगळी.

नोंद साधारण अशी दिसते, आकडे फक्त नमुन्याचे: ‘झाड मिनी, ताठ वाढीचं, स्वतःच्या मुळांवर पहिल्या वर्षी २८ सेंमी उंच. कोवळी फूट तांबूस. काटे थोडे, सरळ. पानात ५ पर्णिका, क्वचित ७, तकाकी मध्यम, टोकाची पर्णिका लंबगोल. कळी निमुळती. फूल ३.५ सेंमी, २२ पाकळ्या, एका दांड्यावर एक ते तीन. पाकळीच्या आतल्या मधल्या भागाचा रंग अमुक क्रमांक, बुडाशी लहान पिवळा डाग. तिसऱ्या दिवशी अमुक क्रमांकापर्यंत फिका. वास हलका. सर्वांत बाहेरच्या पुंकेसरांचे तंतू पिवळे.’ शेवटचं वाक्य पुष्कळांना फालतू वाटतं, पण सारख्या दिसणाऱ्या दोन गुलाबी वाणांत फरक दाखवायला कधीकधी तेवढंच हाताशी असतं. ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘भरगच्च’ हे शब्द वर्णनातून काढून टाका.

शेजारी तुलनेचं वाण लावा. तेही त्याच मातीत, स्वतःच्या मुळांवर आणि त्याच वयाचं हवं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. दोन्ही पालक असतील तर तेही ठेवा.

नोंदीच्या दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंद अमेरिकन रोझ सोसायटीकडे होते. तिथे नाव, पालक, वर्ग आणि रंगाचा गट नोंदतात, पण हक्क काही मिळत नाही. हक्क हवा असेल तर नवी दिल्लीतल्या वाण संरक्षण प्राधिकरणाकडे २००१ च्या कायद्याखाली अर्ज करायचा. तिथे वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असल्याचं चाचणीत दिसावं लागतं. कलमांची मोठी विक्री मनात असेल तरच या वाटेला जा. अर्जाआधी वर्षभराहून जुनी भारतातली विक्री असेल तर वाण नवं धरलं जात नाही, म्हणून कुंड्या विकायला काढण्याआधी हे ठरवून टाका. नाव नुसत्या आकड्यांचं चालत नाही आणि आधी वापरलेलंही चालत नाही. मोठे पैदासकार वाणाला सांकेतिक नाव देतात, त्याची पहिली तीन रोमन अक्षरं पैदासकाराची असतात, उदाहरणार्थ फ्रान्समधल्या मेयाँ या गुलाब-पैदासकार घराण्याचं ‘मेइ’ (MEI).

तुमची तीन बोंडं का गळाली, याचं उत्तर बहुधा पालकांमध्ये आहे. बाजारातले बरेच मिनी त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, एकूण २१ गुणसूत्रं असलेले असतात आणि त्यांच्यात बी सहजासहजी धरत नाही. यावरचा उपाय कॅलिफोर्नियातल्या विसालियाचे मिनी गुलाबांचे पैदासकार राल्फ मूर यांच्या कामात दिसतो. त्यांनी ‘लिटल डार्लिंग’ हा फ्लोरिबंडा (झुपक्यांनी फुलणारा, मिनीहून मोठा गुलाब) आई म्हणून घेतला. ‘मॅजिक कॅरोसेल’ (१९७२) आणि ‘राइझ अँड शाइन’ (१९७७) हे दोन्ही त्याच्याच पोटी आले. मिनीचा बुटकेपणा प्रभावी असल्यामुळे मोठी आई असली तरी पिलावळीत बुटकी रोपं सापडतात. सगळीच नव्हेत. गुडघाभर वाढणारी बाजूला काढावी लागतात. तुमच्याकडच्या गुलाबांपैकी ज्यावर फुलं न कापता सोडल्यावर आपोआप बोंडं धरतात, तो आई करा.

कृतीत चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. मिनीची कळी उमलण्याआधीच आतले परागकोश फुटतात, त्यामुळे अर्धवट उमललेल्या फुलावर केलेला संकर बहुधा स्वपरागणच असतो. कळीवरची हिरवी आवरणं (निदलं) सुटू लागली, रंग दिसला पण पाकळ्या घट्टच आहेत, अशी कळी धरा. पाकळ्या काढा, बारीक चिमट्याने पुंकेसर सगळे खुडा, भिंगातून एकदा पाहा. एकही पिवळा दाणा उरायला नको. कळी कागदी पिशवीत बांधा. वडिलांचे परागकोश बाटलीच्या झाकणात सावलीत एक दिवस ठेवले की फुटून पूड मिळते. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट झाली की बोटाच्या टोकाने पूड लावा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, आणि तारीख. शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेन पावसात धुऊन जातं.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचा पहिला बहर, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते जानेवारी, हा संकराचा काळ. बोंड पिकायला साडेतीन-चार महिने लागतात. दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडून गळलं तर फलन झालेलं नाही. महिन्यानंतर गळलं तर पाण्याचा ताण, नत्राचा जोर किंवा ४० अंशांजवळचं ऊन पाहा.

पिकलेलं बोंड सुरीने कडेकडेने कापा, बिया धुऊन वाळवा आणि ऑगस्टपर्यंत कोरड्या ठेवा. मग ओलसर कोकोपीटसह पिशवीत घालून फ्रीजमध्ये ४ अंशांच्या आसपास सहा ते आठ आठवडे. बुरशी आली तर धुऊन पुन्हा ठेवा. ऑक्टोबरात एक सेंटिमीटर खोल पेरा. मे-जूनच्या उन्हात पेरलेली बी बहुतेक निजूनच राहते. तुमच्या चार बिया तशाच असतील तर टाकू नका, पुन्हा थंडाव्यात ठेवून या हिवाळ्यात पेरा. पाण्यावर तरंगणारी बीदेखील उगवते. रोप मातीलगत कोलमडत असेल तर माती कोरडी होऊ द्या आणि वारा खेळता ठेवा. त्या एका रोपाला मात्र तीन खरी पानं आल्याशिवाय कुंडी बदलू नका.