सही करू का नको? नीतिसूत्रांवर आलेले तुमचे प्रश्न

सलाम सगळ्यांना. मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रोजच्या जगण्यात कुठे अडकलात की बायबलमधलं नीतिसूत्रांचं पुस्तक उघडून बसा, तर त्यावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय बाजूला ठेवून या वेळी फक्त तेवढेच प्रश्न घेतेय. नावं आणि गावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, सलाम. माझा साडू दुकान वाढवायला पतसंस्थेतून ८ लाखांचं लोन काढतोय आणि मी जामीन राहावं म्हणून मागे लागलाय. मी त्याला नीतिसूत्रांचा ६ वा अध्याय दाखवला तर म्हणाला, प्रभू येशू तुमच्यासाठी जामीन झाला आणि तुम्हाला एक सही जड जाते? बायकोच्या सख्ख्या बहिणीचा संसार आहे म्हणून तीही माझ्याशी नीट बोलत नाहीये. मला महिना ३८ हजार पगार, दोन मुलं शिकतायत. काय करू?

उत्तर : दादा, तुम्ही दिलेल्या आकड्यांवर माझं उत्तर नको असंच आहे. पण साडूने वचन पुढे केलंय तर त्याला वचनातूनच उत्तर मिळायला हवं, नाहीतर तुम्ही पुढची कितीतरी वर्षं मनात अपराधी वाटून घेत राहाल.

नीतिसूत्रांत जामिनाचा विषय एकदा येऊन संपत नाही, ६ व्या अध्यायात आहे, ११ व्यात आहे, १७ व्यात, २० व्यात आणि परत २२ व्यात. त्या काळी कागद नव्हता, चारचौघांसमोर हातावर हात मारला की झालात जामीन, आणि ज्याने असा हात मारलाय त्याला या पुस्तकातला शिकवणारा बाप म्हणतो, बाळा झोपू नकोस, आत्ता जा, पाया पड, गळ घाल, हरीण शिकाऱ्याच्या हातून सुटतं तसा सूट. २२ व्या अध्यायात तर सरळ विचारलंय की फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण कुणी का ओढून न्यावं? ही भाषा ज्याने घर उद्ध्वस्त होताना डोळ्यांनी पाहिलंय त्याची आहे.

मी पण पाहिलंय. माझे वडील शाळेत मास्तर होते, सोबतच्या एकासाठी त्यांनी सही केली, तो गाव सोडून गेला आणि मग कित्येक वर्षं वडिलांच्या पगारातून हप्ता कापला जात होता, आईच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमच्या घरात त्या माणसाचं नाव प्रार्थनेत घेणं बंद झालं. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

आता साडूचा मुद्दा. त्याने वचन चुकीचं सांगितलेलं नाही, इब्री लोकांस पत्राच्या ७ व्या अध्यायात येशू अधिक चांगल्या कराराचा जामीन झाला असंच आहे. पण प्रभूने नुसती सही केली का? त्याने फेडलं. फेडावं लागणार हे माहीत असून, स्वतःच्या जिवाने फेडलं. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापाकडे जामीन राहतो आणि वेळ आल्यावर मिसरात सांगतो की याच्या जागी मला गुलाम ठेवा. प्रेषित पौल फिलेमोनाला त्याच्या दासाबद्दल, अनेसिमाबद्दल, लिहितो की त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर लाव, मी फेडीन, आणि हे तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. म्हणजे बायबलमध्ये जो प्रेमाने जामीन राहतो तो मनात आधीच पैसे देऊन बसलेला असतो. तुमच्या साडूला तुमच्याकडून हवाय तो जामीन मात्र असा की सही आपली आणि फेडणार दुसरा, असं धरून चाललेला. तसा जामीन मला वचनात कुठे सापडत नाही.

आपला कायदाही हेच सांगतो बघा. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम म्हणतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे संस्थेने आधी साडूच्या मागे लागावं आणि तो बुडाला तरच तुमच्याकडे यावं असं काही नाही, थकलं की थेट तुमच्या दारात येऊ शकतात. म्हणून स्वतःला एकच विचारा, उद्या हे ८ लाख आणि वरचं व्याज सगळं माझ्या एकट्यावर आलं तर मुलांची फी न थांबवता आणि मनात कडवटपणा न धरता मी भरीन का? ३८ हजारांत नाही जमणार. यहूदाने स्वतःला पणाला लावलं होतं, तुम्ही मुलांचं शिक्षण लावणार आहात.

पण नुसतं नको म्हणून घरी बसू नका हं. नीतिसूत्रांच्याच तिसऱ्या अध्यायात आहे की तुझ्या हाती असेल तर चांगलं करायला मागे राहू नकोस, आज जवळ असताना शेजाऱ्याला उद्या ये म्हणू नकोस. आधी बायकोला घेऊन बसा, पगार, खर्च, आहे ती शिल्लक सगळं तिच्यासमोर ठेवा, ती रागावलीय कारण तिला वाटतंय तुम्ही तिच्या माहेरच्यांना परकं मानता. मग दोघं मिळून साडूकडे जा आणि जे देता येईल, २५ हजार असोत की ५० हजार, ते परत मागायचं नाही असं ठरवून द्या. दुकानाचा हिशोब बघायला बसायची तयारी दाखवा, ८ लाखच लागतायत का, ३ लाखांत सुरुवात होईल का हे विचारा. तरी तो रुसला तर रुसू दे, त्याच्या घरी जाणं मात्र सोडू नका.

प्रश्न : ऑफिसमध्ये एक जण रोज माझ्या विश्वासावर काहीतरी बोलतो, कन्व्हर्ट, तांदळाचे ख्रिश्चन, म्हणजे पोटासाठी धर्म बदललेले, वगैरे. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस आणि लगेच २६:५ म्हणतं उत्तर दे. मग नेमकं काय करायचं?

उत्तर : दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवलीत असं मला वाटतं, म्हणजे वाचणाऱ्याने थांबावं आणि आज समोर कोण आहे ते आधी बघावं. चौथ्या वचनात कारण दिलंय, नाहीतर तू पण त्याच्यासारखाच होशील. पाचव्यातलं कारण, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. चहाच्या टेबलावर सगळे हसत असताना तो बोलला तर सोडून द्या, तिथे तुमचं उत्तर पण टोमणाच होणार. पण एखादी नवीन मुलगी ते ऐकून खरं मानत असेल तर शांतपणे, एकदाच, सांगा. नारायण वामन टिळकांचं सांगा, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी बायको, मुलगा, नातीगोती सगळं दुरावलं, त्यांना कुठला तांदूळ मिळाला होता? आणि रोजचाच जाच असेल तर वरिष्ठांना लेखी कळवा, सहन करत बसणं म्हणजेच ख्रिस्ती नम्रता असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पौलाने पण फिलिप्पैत आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून अधिकाऱ्यांना जाब विचारला होता.

प्रश्न : मी नर्स आहे, शिफ्ट ड्युटी. नाईट करून सकाळी घरी आले की सासूबाई आणि मिस्टर ३१ व्या अध्यायातली सद्गुणी स्त्री ऐकवतात, ती रात्र असतानाच उठून घरच्यांना जेवण देते म्हणून. आता तो अध्याय निघाला तरी माझ्या डोळ्यात पाणी येतं.

उत्तर : बहिणी, आधी एक सांगते, रात्रभर आजाऱ्यांच्या उशाशी उभी राहून आलेल्या बाईला हे ऐकवणं चूक आहे आणि तुझं रडू येणं बरोबर आहे.

मिस्टरांना सांग की ३१ वा अध्याय १० व्या वचनापासून सुरू होत नाही, पहिल्यापासून वाचा. तिथे लमुएल राजाची आई मुलाला शिकवतेय, बायकांच्या मागे आपलं बळ घालवू नकोस, दारूच्या नादी लागू नकोस, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड, गरिबाचा न्याय कर. म्हणजे आधीची नऊ वचनं पुरुषाला आहेत, आणि ती आईने दिलेली आहेत. उपासनेत ही नऊ वचनं कधी वाचली गेल्याचं मला तरी आठवत नाही, मदर्स डेला थेट १० पासून सुरुवात होते.

पुढचा भाग ही हिब्रू कविता आहे, २२ वचनं आणि हिब्रूची २२ अक्षरं, एकेक वचन एकेका अक्षराने सुरू होतं, जसं आपण अ पासून ज्ञ पर्यंत कुणाची तरी स्तुती गुंफावी तसं. ती स्तुती आहे गं, ड्युटी लिस्ट नाही. यहुदी घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लागला की जेवणाच्या टेबलाशी नवरा बायकोसाठी ती गातो. कुणी कुणाला ऐकवायची आणि कशासाठी ते यातच आलं. आणि जिला आपण सद्गुणी म्हणतो तिथे हिब्रूत जो शब्द आहे, खयिल, तो गिदोनासारख्या शूर वीरासाठी पण वापरलाय, त्यात ताकद आहे, कर्तबगारी आहे. रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज रूथला हाच शब्द लावतो, आणि तेव्हा रूथ कोण होती तर दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी परदेशी विधवा, ना नवरा ना मूल. बऱ्याच हिब्रू हस्तलिखितांत तर नीतिसूत्रांच्या लगेच पुढे रूथचंच पुस्तक येतं.

शिवाय ती बाई शेत बघून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते, आणि तिच्या घरात हाताखाली दासी आहेत हे १५ व्याच वचनात आहे. तुझ्याकडे आहेत का? मला तर हा अध्याय वाचताना केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात, मूळ भाषेतून बायबल मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांच्या हातून काम झालं, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल पूर्ण छापून आलं. त्यांनी पहाटे किती पोळ्या लाटल्या ते कुणी विचारत नाही.

शेवटचं वचन घरी मोठ्याने वाच, तिच्या हातांचं फळ तिला द्या. आणि नाईट झाली की दुपारपर्यंत झोप, दार लावून.

प्रश्न : ताई, मुलगा २४ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षं झाली चर्चला जात नाही, देवावर विश्वास नाही म्हणतो. मंडळीतल्या एका बाईंनी मला नीतिसूत्रे २२:६ दाखवलं, मुलाला योग्य वळण लावलं तर म्हातारपणीही तो सोडत नाही, म्हणजे तुमचंच कुठेतरी चुकलं. तेव्हापासून मला प्रभुभोजन, चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, घ्यायलाही भीती वाटते.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

नीतिसूत्र म्हणजे करार नव्हे. आपण म्हणतो ना, दाम करी काम, किंवा थेंबे थेंबे तळे साचे, ती खरीच आहेत, पण पाऊस पडलाच नाही तर तळं साचत नाही म्हणून म्हण खोटी होत नाही आणि तळं खणणाराही दोषी होत नाही. आयुष्य साधारण कसं चालतं हे शहाण्यांनी बघून लिहिलंय. तेवढंच धरलं तर काय होतं हे दाखवायला बायबलमध्येच ईयोबाचं पुस्तक आहे, ४२ अध्याय, त्यात संकटात सापडलेल्या ईयोबाकडे मित्र येऊन हेच करतात, तुझं असं झालंय म्हणजे तू काहीतरी केलं असणार, आणि शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणतो.

त्या वचनात आपल्या मराठी बायबलमध्येही 'मुलाच्या स्थितीस अनुरूप' असं आहे, म्हणजे मूल कसं आहे ते बघून शिकव. हा आईबापाला दिलेला सल्ला आहे, २० वर्षांनी त्यांच्यावर चालवायचा खटला नाही. ज्या शलमोन राजाच्या नावावर हे नीतिसूत्रांचं पुस्तक आहे तो स्वतः म्हातारपणी दुसऱ्या देवांच्या मागे गेला, १ राजे ११ व्या अध्यायात आहे. आणि यशयाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर म्हणतो, मी मुलांचं पालनपोषण केलं, त्यांना वाढवलं, आणि ती माझ्याशी फितूर झाली. त्या बाई देवालाही म्हणणार आहेत का, तुमचं वळण चुकलं?

नीतिसूत्रांतच २५:२० आहे, दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवसात त्याच्या अंगावरचं वस्त्र काढून घेणं. आणि २६:९ आहे, मूर्खाच्या तोंडचं सुवचन म्हणजे दारुड्याच्या हातातला काटा. काटा लागलाय तुम्हाला. त्या बाईंचा हेतू वाईट नसेलही, पण पाळकसाहेबांना एकदा भेटा आणि हे सांगा, तुमच्यासारख्या अजून दोन आया मंडळीत गप्प बसल्या असतील.

मुलाबद्दल मला एवढंच सुचतं. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतः लिहून ठेवलंय की नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या आपल्या सोवळ्या-ओवळ्याला धरून होत्या, परत एकत्र राहायला लागल्यावरही त्यांचं वेगळं चाललं होतं, आणि टिळकांनी जबरदस्ती केली नाही. त्यांचा विश्वास त्यांच्या स्वतःच्या विचारातून, त्यांच्या वेळेला आला. तुमच्या मुलाचं तसंच होईल असं मी म्हणणार नाही, ते मला कसं माहीत असणार. पण सध्या त्याला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर वचन पाठवत असाल तर थांबवा. फोन करून जेवलास का विचारा, ऑफिसचं विचारा, देवावर विश्वास का उरला नाही हे तो सांगायला लागला तर मध्ये न बोलता ऐका, याकोबाने ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमा असं लिहिलंय ते आईबापांसाठी पण आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करताच आहात, ती चालू ठेवा.

आणि येत्या रविवारी प्रभुभोजन घ्या. एकटीला जायला जड वाटत असेल तर मला कळवा, तुमच्या गावापासून मी फार लांब नाही, मी येते शेजारी बसायला.