दुनळीच्या नळ्यांवर कोणता थर टिकेल?

प्रश्न : साहेब, आमच्याकडे वडिलांची इंग्लिश बनावटीची बारा बोअरची दुनळी आहे. त्यांच्या पश्चात परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. २०२४ साली निवडणुकीसाठी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. परत मिळाली तेव्हा नळ्यांवर तांबेरा चढला होता आणि मूळचा निळसर काळा रंग जागोजागी उडाला होता. घरीच पॉलिश मारून नवा रंग चढवावा असं मनात आहे. भाचा म्हणतो, कोल्ड ब्लूची (पोलाद न तापवता काळं करणाऱ्या द्रावणाची) बाटली मागव. गावातला ग्रिलवाला पावडर कोटिंग करून द्यायला तयार आहे. व्हिडिओत सिरॅमिकचा लेप दाखवतात. खाऱ्या हवेत सगळ्यात टिकाऊ काय?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : सगळ्यात आधी त्या ग्रिलवाल्याला नाही म्हणून सांगा. खिडकीच्या ग्रिलला त्याचं काम उत्तम असेल, पण दुनळीचा त्याने घात होईल. पावडर कोटिंगचा थर भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्का करतात. तुमच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या बऱ्याच लांबीपर्यंत शिसं-कथलाने झाळलेल्या असतात, आणि ती झाळ १८३ अंशांपासून वितळायला लागते. भट्टीतून बंदूक बाहेर येईल ती दिसायला नवी, पण पट्टी सुटलेली आणि दोन्ही नळ्यांचा मेळ बिघडलेला. फौजेत आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) म्हणून आणि नंतर परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात मी अशा नळ्या हाताळल्या आहेत. दोरीला टांगून हलकी टिचकी मारली की झाळ शाबूत असलेल्या नळ्या खणखणतात, सुटलेल्या बद्द वाजतात. तुमच्या बंदुकीची ही परीक्षा काहीही करण्यापूर्वी करून घ्या.

कारखान्यात करतात ते गरम ब्ल्यूइंग, म्हणजे रसायनाने पोलादाला निळसर काळा रंग चढवणं, तेही तुमच्या नळ्यांना चालणार नाही. त्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं पाणी १४० अंशांच्या आसपास उकळतात. तेवढ्या उष्णतेने झाळ वितळत नाही, पण कॉस्टिक तिला खातं. वर पट्टीखालच्या पोकळीत शिरलेला क्षार पुढे महिनोन् महिने पाझरत राहतो आणि तिथून, जिथे तुमचं फडकं पोचत नाही, आतून गंज धरतो. दुकानदाराने “एका दिवसात काळी करून देतो” असं सांगितलं, तर दुनळीला कोणती पद्धत वापरणार हे त्याला स्पष्ट विचारा.

तुमच्या बंदुकीला योग्य ती जुनी, संथ गंजाची पद्धत. मूळ रंगही बहुधा याच पद्धतीने चढवलेला असणार, कारण जुन्या इंग्लिश दुनळ्यांच्या नळ्या अशाच काळ्या करत. नळ्या तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करायच्या, आम्लाचं सौम्य द्रावण पातळ फिरवायचं आणि दमट पेटीत टांगून ठेवायच्या. काही तासांत नारिंगी गंजाची साय धरते. मग नळ्या स्वच्छ पाण्यात उकळायच्या. उकळताना तो लाल गंज मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये, बदलतो. वरची मखमल बारीक तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा द्रावण. अशा सहा-आठ, कधी दहा फेऱ्या होतात तेव्हा खोल काळा रंग बसतो. यात झाळीला काहीही होत नाही. काम वेळखाऊ असल्याने कारागीर पैसे जास्त घेतो, ते द्या. पेटीतली दमट हवा मात्र आपल्याकडे पावसाळ्यात फुकट मिळते!

आता टिकाऊपणाचं. निव्वळ खाऱ्या हवेशी टक्कर म्हटली तर सिरॅमिकचा लेप ब्ल्यूइंगच्या पुढे आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. सेराकोटसारखा लेप जेमतेम २५ मायक्रॉन जाडीचा असतो. त्याचा भट्टीत पक्का होणारा प्रकार सुमारे १२० अंशांना दोन तासांत बसतो, म्हणजे झाळीलाही धोका नाही. साधी एकनळी किंवा पंप अ‍ॅक्शन असती तर मी तुम्हाला तोच सांगितला असता. पण त्याआधी पोलादावर वाळूसारख्या कणांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. जुन्या बंदुकीवरची कोरीव वेलबुट्टी आणि ठसे त्यात बोथट होतात आणि पुन्हा येत नाहीत. वडिलांच्या बंदुकीवर मी ते करू देणार नाही. फॉस्फेटचा लष्करी करडा थर मजबूत असतो आणि तेलही छान धरतो, पण त्याचंही कणांच्या माऱ्याशिवाय भागत नाही. भाच्याची बाटली चार ओरखडे झाकण्यापुरती ठीक. तो थर बोटांच्या घामाने महिन्याभरात फिका पडतो, आणि त्यातलं सेलेनियम विषारी असतं.

ब्ल्यूइंग कोणतंही असो, ते एकटं गंज अडवत नाही. बिडाच्या तव्यासारखं आहे ते: काळा थर तेल मुरवून धरतो, आणि अडवतं ते तेल. म्हणून तुमचा अर्धा प्रश्न थराचा नाही, सांभाळण्याचा आहे.

घरी करण्याबद्दल. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो. साफसफाई करणं, तेल देणं हे मालकाचं काम. जुना थर उतरवून नवा चढवणं मी दुरुस्तीतच धरतो, आणि ते परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या. स्वतः जाणं जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती बंदूक देताना तुमचं लेखी अधिकारपत्र द्या. कायद्याने दुरुस्तीसाठी तेवढी सोय ठेवली आहे. कारागिराकडून क्रमांकासह पावती घ्या. पॉलिश करताना क्रमांक पुसट झाला तर तो कलम ८ खाली गुन्हा होतो, त्यामुळे क्रमांकाला आणि चाचणीच्या ठशांना (नळीची ताकद तपासून मारलेल्या खुणांना) पॉलिशचं चाक लावू नका असं त्याला बजावून सांगा. नळीच्या भिंतीची जाडीही आधी मोजून घ्यायला लावा. जुन्या बंदुका गंजाने कमी आणि पॉलिशने जास्त मेल्या आहेत. आणि थर उतरल्यावर पोलादात पिळाची नागमोडी नक्षी दिसली, तर ती पिळून घडवलेली जुनी नळी आहे. तीत आजचं काडतूस घालू नका.

तोवर घरी एवढं करा. नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, नळ्या सुट्या करा. तांबेऱ्यावर पातळ मशीन ऑइल रात्रभर राहू द्या, मग चार शून्य नंबरची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर नको. बरेचदा तांबेरा निघून खालचा काळा रंग शाबूत दिसतो, आणि मग नव्या थराची गरजच उरत नाही. वर मेणाचा पातळ हात द्या. खोबरेल तेल कधीच नको. ते कालांतराने खवट होतं. चामड्याच्या किंवा फोमच्या खोळीत बंदूक ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. पुन्हा जमा करायची वेळ आली तर नळ्यांना आतून-बाहेरून दाट ग्रीस लावूनच द्या. ठाण्याऐवजी परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायची मुभा मिळते का, हेही विचारा.

प्रश्न : बंदुकीच्या अक्रोडाच्या दस्त्याचं वॉर्निश पांढरं पडलंय. बेलतेल लावू का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : दस्ता घरी करायला हरकत नाही. पण निव्वळ बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, कोकणात नको, ओल आत जाते आणि श्रावणात त्यावर बुरशी येते. जुनं वॉर्निश रिमूव्हरने काढा, दबलेल्या जागांवर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवा, त्या बऱ्याचशा फुगून वर येतात. चौकडीच्या नक्षीवर सँडपेपर लावू नका. मग टंग ऑइल (लाकडावर वाळून थर धरणारं तेल) किंवा पातळ केलेलं पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश, पाच-सहा पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. मागच्या टोकाची पट्टी काढून आतल्या कापलेल्या लाकडालाही हात द्या. पाणी तिथूनच शिरतं. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर एकेक पसरून वाळवा.