डिझेल घ्यायचं का? महिन्याचं रनिंग बाजूला ठेवा, एका दमात किती जाता ते बघा

सर, तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घर अंबाजोगाईत, शाळा गावातच तीन-चार किलोमीटरवर. मुलगी लातूरला नीटच्या क्लासला, म्हणून दर शनिवार-रविवार लातूर. दोन महिन्यांतून एकदा पुणे. माणसं पाच, त्यात आई-वडील वयस्कर. जुनी डिझेल स्विफ्ट विकायची आणि चार मीटर लांबीच्या आतली नवी गाडी घ्यायची, यादीत टाटा नेक्सॉन, किया सोनेट आणि महिंद्रा थ्रीएक्सओ. प्रश्न एवढाच, डिझेल घ्यायचं की पेट्रोल. रनिंग महिन्याला अकराशेच्या आसपास. शोरूमवाला म्हणतो, ‘एवढ्या रनिंगला डिझेल परवडत नाही’, आणि मेहुणे म्हणतात, ‘डिझेल आता बंदच होणार आहे’.

आधी मेहुण्यांचं. दहा वर्षं झालेली डिझेल गाडी चालवायची नाही, हा नियम आला तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागासाठी. आपल्याकडं पंधरा वर्षांनी गाडी पासिंगला न्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढं चालवायची. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (गाडीच्या धुराचे कडक नियम) आलं तेव्हा डिझेल सोडलं, त्यामुळं ‘डिझेल संपलं’ अशी हवा झाली. तुमच्या स्विफ्टचं १.३ मल्टिजेट इंजिन, मूळ फियाटचं, तेव्हाच गेलं. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई, किया यांच्याकडं डिझेल आजही आहे.

आता शोरूमवाल्याचा हिशोब. डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागं साधारण तेरा रुपयांनी स्वस्त धरा. टर्बो पेट्रोल प्रत्यक्षात तेराचं ॲव्हरेज देईल, दीड लिटरचं डिझेल अठराचं. म्हणजे किलोमीटरमागं जवळपास तीन रुपये वाचतात. गाडीच्या किमतीत सव्वा लाखाचा फरक धरला (महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त लागतो, तो यात आला), तर तुमच्या वर्षाच्या तेरा हजार किलोमीटरला तो सव्वातीन वर्षांत फिटतो. सर्व्हिसिंगचा जादा खर्च धरून चार म्हणा. तुम्ही गाडी आठ-दहा वर्षं वापरणारे, तेव्हा ‘परवडत नाही’ हे काही खरं नाही.

पण माझ्या मते पैशाचा हिशोब इथं दुय्यम आहे. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ नावाची जाळी असते. धुरातली काजळी तिच्यात अडकते, आणि जाळी भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, साठच्या वर, इंजिन दोन हजार आरपीएमच्या पुढं ठेवून पळाली पाहिजे. घर ते शाळा चार किलोमीटर, तिथून मंडई, तिथून घर, अशा फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट गरमच होत नाही. गाडी जादा डिझेल सोडून काजळी जाळायला घेते आणि तुम्ही मध्येच चावी काढता. मग ते जादा डिझेल सिलिंडरच्या कडेनं उतरून ऑईलमध्ये मिसळतं. डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं, तर समजा हेच चाललंय. पुढं दिवा लागतो, तरी दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करून घेते आणि वर्कशॉपला न्यावीच लागते.

म्हणून महिन्याला अकराशे किलोमीटर रोज गावातल्या गावात करणाऱ्याला मी डिझेल घेऊ देणार नाही, आणि तेवढेच किलोमीटर चार-पाच लांब खेपांत करणाऱ्याला खुशाल घ्या म्हणेन. तुमची लातूरची खेप आठवड्याला जाळी साफ करायला पुरेशी आहे. अट एकच, शाळेला स्कूटी वापरा. ते जमणार नसेल तर सरळ पेट्रोल घ्या, पुढचं वाचू नका.

आता इंजिनं. तुमच्या यादीतल्या तिन्ही गाड्यांत दीड लिटरचं चार सिलिंडर डिझेल आहे. पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, एनएम म्हणजे टॉर्क, साध्या भाषेत ओढ. नेक्सॉनचं ११५ पीएस आणि २६० एनएम, सोनेटचं ११६ आणि २५०, थ्रीएक्सओचं ११७ आणि ३००. पीएस जवळपास सारखेच, ते सोडा. बघायचं ते टॉर्क किती आरपीएमला मिळतो. सोनेटचं साधं १.२ पेट्रोल ११५ एनएम देतं, तेही ४२०० आरपीएमला. तिचंच डिझेल २५० एनएम पंधराशेपासून देतं. पाच माणसं, डिकीत सामान, मे महिना, एसी फुल आणि बीडकडं जाताना मांजरसुंब्याच्या घाटात पुढं उसाचा ट्रक, तेव्हा हा फरक पायाला कळतो. तुमच्या मल्टिजेटला दोन हजारच्या खाली दम नव्हता, गिअर टाकत राहावं लागायचं. ती सवय नव्या गाडीत मोडेल.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर मात्र माझं मत सोनेटकडं झुकतं. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे सलग ओढ देणारा खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, बाकी दोघींत एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. एएमटी वाईट नाही, पण घाटात ओव्हरटेक करताना गिअर बदलायला जो क्षण घेते तो मला आवडत नाही. मॅन्युअलच घ्यायची असेल तर थ्रीएक्सओ. ओढ सगळ्यात चांगली तिची. मागं बसणाऱ्यांसाठी नेक्सॉनचं सस्पेन्शन मला जास्त पटतं, आणि आई-वडिलांची पाठ हा काही छोटा मुद्दा नाही.

क्रेटाचा विचार मनात आला असेल तर एक गंमत सांगतो. सोनेटचंच १४९३ सीसी डिझेल क्रेटात आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला जीएसटी १८ टक्के, आणि क्रेटाची लांबी चार मीटरच्या वर म्हणून ४० टक्के. इंजिन तेच, कर दुपटीहून जास्त. सीएनजीचं म्हणाल तर पाच माणसांचं पुण्याचं सामान टाकी असलेल्या डिकीत बसवून दाखवा, मग बोलू.

बुकिंगच्या आधी शोरूमला दोन गोष्टी विचारा. पहिली, या इंजिनाला ॲडब्लू, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण, लागतं का. आपल्याकडं त्याला ‘युरिया’च म्हणतात, म्हणून बजावून सांगतो, शेतातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून चालत नाही. ते ३२.५ टक्क्यांचं शुद्ध द्रावण असतं, सीलबंद मिळतं. आणि चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर गाडी चालू न करता टोइंग करायची. दुसरी, डीपीएफ भरला तर स्कॅनर लावून साफ करायची सोय लातूरच्या वर्कशॉपला आहे का, की गाडी संभाजीनगरला न्यावी लागेल. तोंडी ‘हो’ ऐकून घेऊ नका, सर्व्हिस मॅनेजरशी बोला. बाहेरचे काही मेकॅनिक ‘जाळी काढून टाकतो, कटकटच नको’ म्हणतील. ते बेकायदेशीर आहे आणि वॉरंटीही जाते.

डिझेल खपाच्या मोठ्या पंपावरच भरा, शक्यतो एकाच. आजच्या डिझेल इंजिनांतले (कॉमन रेलचे) डिझेल फवारणारे इंजेक्टर हजार-दीड हजार बारच्या पुढच्या दाबावर चालतात, पाणी मिसळलेलं डिझेल त्यांना सोसत नाही. फ्युएल फिल्टर वेळेवर बदला. ऑईल कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच टाका, ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं नको, त्यातली राख जाळीत बसते आणि ती जळत नाही.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरची पाचही माणसं बसवा, एसी लावा आणि गाडी गावात न फिरवता लातूर रोडला काढा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमवरून ओढून बघा. कोणती गाडी ठरली ते इथं लिहा, इन्शुरन्स आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचं मग सांगतो.