गढी म्हणजे नेमकं काय? वाडा आणि गढी एकच का?

तुम्ही विचारलंय की लातूरकडच्या एका लग्नपत्रिकेवर स्थळ म्हणून 'देशमुखांची गढी' असं छापलंय, तर गढी म्हणजे वाडाच की किल्ला? माझ्या आत्याचं गाव बीड जिल्ह्यात. तिच्या घराची मागची भिंत गढीच्या पायथ्याला टेकलेली आहे. त्यामुळे या शब्दाचा अर्थ कोशात बघण्याआधी लहानपणी मी गढीवरून घसरून गुडघे फोडून घेतलेत.

खेड्यापुरतं बोलायचं तर बुरूज असेल ती गढी, नसेल तो वाडा. लगेच कोणीतरी म्हणेल की शनिवारवाड्याला नऊ बुरूज आहेत, मग ती गढी का नाही? बरोबर आहे. सासवडचा पुरंदरे वाडाही तटाबुरुजांचाच. नावं लोक ठेवतात, नियम बघून ठेवत नाहीत. पण मराठवाडा, खानदेश, विदर्भात फिरलात तर गावकरी गढी म्हणून बोट दाखवतील तिथे बहुतेक वेळा एक तरी बुरूज, निदान त्याचं ढासळलेलं बूड, दिसेलच.

गढी म्हणजे छोटा गड. वतनदार देशमुख, पाटील किंवा जहागीरदार गावातली उंच जागा बघून ती बांधायचा. खाली काही थर दगडाचे आणि वर पांढऱ्या मातीची भिंत, बुडाशी चांगली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. भिंतीत बंदुकीची नळी बाहेर काढायला जंग्या. दाराशी पहारेकऱ्यांची देवडी, मोठ्या दरवाजात माणसापुरता दिंडी दरवाजा, आत पाण्याला आड, धान्याला पेव नाहीतर भिंतीत बळद. म्हणजे बाहेर दंगा चालू असताना दार लावून काही दिवस आत काढता यावेत अशी सगळी सोय. मधोमध राहायचं घर असायचं, आणि त्या घराला मात्र गढीतले लोकही 'वाडा'च म्हणायचे.

पांढऱ्या मातीचं थोडं सांगतो, कारण गढ्या का उरल्या नाहीत हे तिच्यातच आहे. गावाची वस्ती जिथे ती पांढरी आणि शेती जिथे ती काळी, असा आपल्याकडचा जुना शब्दभेद आहे. ही पांढरी माती धाब्यावर, माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर टाकायला उत्तम. गढीवरची माणसं शहरात गेली, दरवाजा पडला, आणि पावसाळ्याआधी गावातल्या प्रत्येकाने टोपलं टोपलं माती उचलून आपापल्या माळवदावर नेली. आमच्या आत्यानेही नेली. गढीचा बुरूज असा अख्ख्या गावाच्या डोक्यावर गेला. उरलेलं टेकाड पावसाने धुतलं. काही गावांत नुसत्या पांढरीच्या टेकाडालाही गढी म्हणतात, वर कधी तट होता की नव्हता हे न बघता.

आता माझ्या मते खरा मुद्दा. बुरूज ही हौस नव्हती, ती सत्ता होती. सभासद बखर, म्हणजे शिवाजी महाराजांचं जुनं चरित्र, १६९७ च्या सुमाराची. तिच्यात लिहिलंय की आधीच्या शाह्यांत मुलखातले जमीनदार गावोगाव हुडे, वाडे, कोट बांधून, प्यादे आणि बंदुकी ठेवून बळावले होते आणि दिवाणाने, म्हणजे सरकारने, जास्त मागितलं तर भांडायला उभे राहायचे. हुडा म्हणजे बुरूज. शिवाजी महाराजांनी ही बांधकामं पाडली आणि बुरुजाचे वाडे न बांधता साधी घरं बांधून राहावं असा दंडक घातला. म्हणजे घर आणि गढी यांतला फरक सरकारलाही चांगला कळत होता: एका घरातून सारा वसूल करता येतो, दुसऱ्याला आधी वेढा घालावा लागतो. पुढे वतनदार टिकले आणि गढ्याही पुन्हा उठल्या, ती गोष्ट निराळी. वेरूळला घृष्णेश्वराजवळ भोसल्यांची गढी आहे. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचं ठिकाण, जिथे जिजाऊंचा जन्म झाला, त्याला मात्र राजवाडा म्हणतात.

वापराचं म्हणाल तर प्रत्यय ऐका. घरात जातात, गढीवर जातात. 'गढीवरचे' म्हणजे ते घराणं. उंचावर असते म्हणून 'वर' हे खरंच, पण टेकाडाचा एक खडाही उरलेला नसतो तिथेही 'गढीवरून बोलावणं आलंय' असंच म्हणत. वाडा सपाटीवर असला तरी नकलाकारांनी झिजवलेलं 'वाड्यावर या' आहेच. बोलावणं आल्यावर जाणाऱ्याच्या पोटात काय व्हायचं हे त्या 'वर'मध्ये शिल्लक आहे. माझी आजी गढीवर वेठीला जायची, म्हणून आमच्या घरी हा शब्द कौतुकाने कधीच निघाला नाही.

'वाडा' शब्द जरा सांभाळून. गवळीवाडा, धनगरवाडा म्हणजे वस्ती, मेंढ्यांचा वाडा म्हणजे कुंपण. मूळ अर्थ आवार, त्यामुळे सगळं बसतं. पुण्याच्या हवेली तालुक्याचा कुठल्याच हवेलीशी संबंध नाही, मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला महसुलात हवेली म्हणत. तेलंगणात दोरांच्या, म्हणजे तिथल्या जमीनदारांच्या, अशाच तटबंद घरांना 'गडी' म्हणतात. मराठवाडा आणि तेलंगण एकाच निजामाखाली होते हे लक्षात घेतलं तर नवल वाटत नाही.

मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, महाराष्ट्र झाल्यावर १९६२ च्या कायद्याने पाटीलकी. गढीला दुरुस्तीचा पैसा लागतो, तो त्यानंतर कोण देणार? हल्ली मात्र हॉटेलं, रिसॉर्ट, मंगल कार्यालयं सर्रास 'गढी' आणि 'वाडा' अशी नावं लावतात. तुमच्या पत्रिकेवरची गढीही बहुधा नवी असावी, पत्र्याच्या शेडला फायबरचे दोन बुरूज लावलेली. पण 'जुनी गढी' किंवा 'गढीवर' असं छापलं असेल तर खरी असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर आजीला घेऊन जाताना चढ किती आहे तेवढं यजमानांना विचारून ठेवा.