दोन फायली आणि एक सीडी

अगं, ॲमस्टरडॅमची ऑफर आली, पेढे खाऊन झाले, आता जरा ऐक. पगार नि घरभाडं तू नेटवर बघशीलच, मी सांगतोय ते एबीएन ॲम्रो या डच बँकेचं. तुझं काम केवायसीचं, म्हणजे ग्राहक कोण, पैसा कुठला हे तपासायचं, आणि चौकशी कशी करू नये हे शिकायला या बँकेसारखी दुसरी शाळा नाही.

मुळं पार १८२४ ची. नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याने एक व्यापारी कंपनी काढली, भागधारकांना डिव्हिडंडची हमी स्वतः दिली, आणि पुढे डचांच्या ताब्यातल्या जावा बेटावरच्या शेतकऱ्यांकडून सक्तीने पिकवून घेतलेली कॉफी, साखर, नीळ युरोपात नेऊन विकायचं काम तिच्याकडे गेलं (नीळ म्हटलं की आपल्याला चंपारण आठवतं, तसलाच प्रकार). १९६४ मध्ये तिची एबीएन बँक झाली, त्याच वर्षी ॲमस्टरडॅम-रॉटरडॅमच्या दोन बँका मिळून ॲम्रो, आणि १९९१ ला दोघींचं लग्न.

खरा तमाशा २००७ चा. टीसीआय नावाच्या हेज फंडाकडे (बड्यांचा पैसा गुंतवणारी संस्था) जेमतेम एक टक्का शेअर, पण त्यांनी पत्र धाडलं की बँक विका नाहीतर तुकडे करा. ब्रिटनची बार्कलेज बँक पुढे आली, मग आरबीएस (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड), बेल्जियम-नेदरलँड्सची फोर्टिस आणि स्पेनची सँटँडेर असं बँकांचं त्रिकूट आलं, बोली गेली साधारण ७,१०० कोटी युरोवर. आरबीएसचा डोळा होता अमेरिकेतल्या लासाल बँकेवर, तर एबीएनने तीच बँक ऑफ अमेरिकाला विकून टाकली, म्हणजे ज्या म्हशीसाठी बाजारात आलो ती गेली तरी हे रिकामा गोठा घ्यायला तयार! आणि घेण्याआधी आरबीएसने तपासणी किती केली? बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश नियामकाच्या २०११ च्या अहवालात लिहिलंय, एबीएनकडून मिळालेली माहिती म्हणजे दोन फायली आणि एक सीडी. बस. आपण माठ घेतानासुद्धा चार ठिकाणी वाजवून बघतो गं.

सप्टेंबरात नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेसमोर पैसे काढायला रांगा लागल्या तरी ऑक्टोबरात त्रिकुटाचा व्यवहार पूर्ण. पुढे आरबीएसला वाचवायला ब्रिटिश सरकारने ४,५५० कोटी पौंड ओतले, फोर्टिस कोसळली आणि तिचा डच भाग, त्यात एबीएनचा वाटाही, डच सरकारने १,६८० कोटी युरोंना घेतला. सँटँडेर तेवढी हुशार, वाट्याला आलेली इटलीतली बँक लगेच दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळी. आपल्या मुंबई-पुण्यातल्या एबीएनच्या ब्रँचवर आरबीएसची पाटी लागली ती यातूनच.

आता तुझ्या टेबलावरचं. २०२१ मध्ये याच बँकेने मनी लाँडरिंगच्या प्रकरणात ४८ कोटी युरो भरून तडजोड केली. कारण काय, तर कित्येक वर्षं ग्राहकांची तपासणीच धड नाही. म्हणजे परत तेच, कागद आहेत पण उघडून कोणी बघत नाही. तेव्हा समोरच्या फाइलमध्ये सगळ्या चौकटींवर टिक असेल तरी पैसा आला कुठून हे तुझ्या शब्दांत दोन ओळींत लिहिता येतंय का बघ, नाही आलं तर सही करू नकोस, मॅनेजर घाई करत असेल तर त्याला म्हण तसं मेलवर लिहून द्या.

आणि २०२२ मध्ये बँकेने आपल्या पूर्वजांच्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल माफी मागितली, त्याआधी इतिहासकारांकडून जुनी दप्तरं तपासून घेतली. उशीर केवढा, पण निदान उघडली.

तिकडे गेलीस की व्हायझलस्ट्राटवरची डे बाझेल ही इमारत बघ, त्या मूळ कंपनीचं हेडऑफिस, आता तिथे शहराचा दप्तरखाना आहे. तळघरात बँकेची जुनी तिजोरीची खोली आहे. फोटो पाठव.

— काका