पहिल्यांदाच लांबच्या विमानाला निघताय?

काकू, तहानेची सुरुवात पुण्यातच होते. मुंबई विमानतळाच्या टॅक्सीत वाटेत थांबायला नको म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. तसं करू नका, फूड मॉलला टॅक्सी थांबतेच. स्टीलची बाटली रिकामी न्या, सुरक्षा तपासणीनंतर भरा. विमानातली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते, तेव्हा घोटघोट पाणी पीत राहा. ओठांना तूप लावलं तरी चालतं. आणि सीट कडेचीच मागा. मी पहिल्या खेपेला हौसेनं खिडकी घेतली, शेजारचे दोघं घोरत होते, भिडेखातर नऊ तास जागची हलले नाही. उतरताना पाय चपलेत शिरेनात! चिवड्याचा डबा मात्र सामानातच टाका, मिठानं तहान आणखी वाढते.