वाचकांचे प्रश्न : लाँगलीटचा वाडा आणि लाँगलीटचे सिंह

प्रश्न (स्लाउ येथील वाचक) : माझे सासू-सासरे जूनमध्ये साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. मुलांनी विल्टशरमधील लाँगलीट येथे गाडीतून मोकळे प्राणी पाहण्याच्या सफारीचा हट्ट धरला आहे. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांना तेथील जुना वाडा पाहायचा आहे आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. एका दिवसात दोन्ही करायला गेलो तर एकही धड होणार नाही, म्हणून वाडा सोडून द्यावा, असे माझ्या पतींचे म्हणणे आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : वाडा सोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन, आणि ते केवळ आपल्या सासऱ्यांच्या आवडीसाठी नव्हे. लाँगलीटमध्ये सिंह आले ते त्या वाड्यासाठी. ही गोष्ट मुलांना जाताना गाडीतच सांगितलीत, तर सफारी आणि वाडा या त्यांच्या दृष्टीने दोन वेगळ्या सहली राहणार नाहीत आणि आजोबा आत रमलेले असताना नातवंडे बाहेर कंटाळली आहेत, अशी वेळही येणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी आहे. आठव्या हेन्री राजाने इंग्लंडमधील मठ बरखास्त केल्यावर त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या, आणि विल्टशरमधील अशाच एका मठाची जागा जॉन थिन या गृहस्थाने अवघ्या 53 पौंडांत विकत घेतली. हा थिन म्हणजे ड्यूक ऑफ सॉमरसेट या बड्या सरदाराचा कारभारी. धनी सत्तेवरून घसरला तेव्हा कारभाऱ्यालाही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत बसावे लागले. सुटका झाल्यानंतर त्याने या बांधकामात मन घातले. 1567 मध्ये आगीने ते बरेचसे भस्मसात झाले, तेव्हा त्याने पुन्हा पायापासून सुरुवात केली आणि 1580 च्या सुमारास, त्याच्या आयुष्याच्या अखेरीस, आज दिसतो तो दगडी प्रासाद उभा राहिला. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर खिडक्याच इतक्या आहेत, की दगडापेक्षा काचच अधिक असल्याचा भास होतो. त्या काळात काच महाग होती, त्यामुळे घरधन्याची ऐपत येणाऱ्याला दुरूनच समजत असे. किल्ल्याच्या जाड भिंतींकडून राहत्या, उजेडी घराकडे इंग्रज उमराव कसे वळले, हे या एका दर्शनी भागावरून सासऱ्यांच्या तत्काळ लक्षात येईल.

पुढे ही मालमत्ता त्याच घराण्यात राहिली आणि घराणे मार्क्वेस ऑफ बाथ या, ड्यूकच्या खालोखालच्या, पदापर्यंत चढले. अडचण आली ती 1946 मध्ये. पाचवे मार्क्वेस वारले आणि त्यांच्या वारसाकडे सरकारने सुमारे 7 लाख पौंडांचा मृत्यूकर मागितला. (आपल्याकडेही 1953 पासून 1985 पर्यंत इस्टेट ड्यूटी या नावाने असाच कर होता, हे आपल्या सासऱ्यांना आठवत असेल.) सहाव्या मार्क्वेसने बरीच जमीन विकली, पण तेवढ्याने भागेना आणि छप्पर तर दुरुस्तीला आलेले; तेव्हा त्याने 1949 मध्ये अर्धा क्राउन, म्हणजे पौंडाचा आठवा हिस्सा, तिकीट लावून घराचे दरवाजे लोकांना उघडले. तिकीट लावून रीतसर व्यवसाय म्हणून खुले झालेले हे इंग्लंडमधील पहिले मोठे सरदारी घर मानले जाते. बरोबरीच्या उमरावांना ते कमीपणाचे वाटले असले, तरी पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी हाच मार्ग धरला.

हळूहळू अशी घरे ठिकठिकाणी उघडली आणि लोकांना लाँगलीटकडे ओढून आणण्यासाठी आणखी काहीतरी हवे झाले. सर्कसवाल्या घराण्यातील जिमी चिपरफील्ड यांनी एक कल्पना मांडली : प्राणी मोकळे सोडायचे आणि माणसांना त्यांच्या मोटारींत बंद करून त्यांच्यामधून फिरवायचे. इंग्रजी गावाशेजारी सिंह मोकळे सोडण्याच्या या बेताला वर्तमानपत्रांतून आणि स्थानिक लोकांकडून कडाडून विरोध झाला, तरीही 1966 मध्ये उद्यान सुरू झाले. आफ्रिकेबाहेरचे, स्वतःच्या गाडीतून पाहायचे ते पहिले सफारी उद्यान ठरले. तेव्हा मुलांना एवढेच सांगा, की आजोबा पाहणार आहेत त्या वाड्याचे छप्पर या सिंहांनी सांभाळले आहे.

आता दिवसाची आखणी. तिकिटे आधीच ऑनलाइन काढा. ती स्वस्त पडतात. स्लाउहून एम-थ्री आणि ए-303 या मार्गाने जाणार असाल, तर स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाजवळ दुपदरी रस्ता संपून एकपदरी सुरू होतो आणि उन्हाळ्यात तेथे वाहनांच्या रांगा लागतात, हे लक्षात घेऊन पहाटेच निघा. पाहुण्यांना एकाच फेरीत स्टोनहेंजही दाखवावे, असा मोह होईल. तो टाळा, कारण त्यात दोन्ही ठिकाणे हातची जातात. पोहोचल्यावर प्रथम सफारी घ्या. सकाळी प्राण्यांची हालचाल अधिक असते, गाड्याही कमी असतात आणि सासूबाईंना पायांना काहीही तोशीस न पडता जिराफापासून वाघांपर्यंत सारे बसल्या जागी पाहता येते. सिंहांच्या कुंपणात घाई करू नका. पुढची गाडी पुढे सरकली म्हणून आपणही निघायलाच हवे, असे नाही. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपून असतो; म्हणून कडेच्या गवतावर पसरलेल्या सिंहिणीजवळ, मागच्या गाडीला वाट देऊन, दोन-चार मिनिटे शांत थांबलात तर तिच्या कानांची माश्या हाकलणारी हालचाल, पंजाच्या गाद्या, मध्येच अर्धवट उघडून पुन्हा मिटणारा पिवळा डोळा, हे सगळे काचेपलीकडे अगदी हाताच्या अंतरावर असल्यासारखे दिसते. धावत्या नजरेने पन्नास प्राणी मोजण्यापेक्षा मुलांना हे अधिक काळ आठवेल.

दुपारी वाडा. प्रवेशदालन, म्हणजे ग्रेट हॉल, हा सोळाव्या शतकातील मूळ रूप पुष्कळसे टिकून असलेला भाग आहे. पुढची दालने मात्र चौथ्या मार्क्वेसने एकोणिसाव्या शतकात इटलीतील प्रासादांच्या धर्तीवर सजवून घेतली. त्यांतील सोनेरी छतांकडे पाहताना मान दुखेल, पण पाहाच. या घरात सात ग्रंथालये आणि 40,000 हून अधिक पुस्तके आहेत. सासऱ्यांना मी बिशप टॉमस केन यांच्याविषयी आवर्जून सांगेन. दुसऱ्या जेम्स राजाचा हुकूम न मानल्यामुळे कैदेत गेलेल्या सात बिशपांपैकी ते एक. आणि त्याच जेम्सला पदच्युत करून तिसरा विल्यम गादीवर आला, तेव्हा जेम्सशी घेतलेली शपथ मोडून नव्या राजाची शपथ घेण्यासही त्यांनीच नकार दिला आणि आपले पद गमावले. ज्या राजाने तुरुंगात टाकले, त्याला दिलेल्या शब्दाखातर घरदार सोडणाऱ्या या माणसाला त्याच्या मित्राने लाँगलीटमध्ये आसरा दिला. 1711 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रामुख्याने येथेच, वरच्या मजल्यावर, आपल्या पुस्तकांमध्ये राहिले आणि त्यांची पुस्तकेही मोठ्या संख्येने याच घरात राहिली. मुलांसाठी सांगायचे तर दुसऱ्या महायुद्धात या वाड्यात मुलींची एक संपूर्ण शाळा बाथ शहरातून हलवण्यात आली होती; या सोनेरी छतांखाली शाळकरी मुलींचा वावर कसा असेल, याची कल्पना त्यांना करू द्या.

जिने आणि बसण्याची सोय यांबद्दल निघण्यापूर्वी फोन करून विचारा, म्हणजे सासूबाईंना ऐनवेळी त्रास होणार नाही. त्यांना आत फिरणे जड वाटले, तर तळ्यातील बोटीची फेरी त्यांच्यासाठी उत्तम आहे; सी लायन बोटीच्या मागोमाग पोहत येतात. तेवढ्या वेळात आपल्या पतींनी मुलांना झाडांच्या कुंपणांनी बनवलेल्या चक्रव्यूहात न्यावे. 1975 मध्ये 16,000 हून अधिक यू वृक्ष लावून केलेल्या या चक्रव्यूहातील वाटांची एकूण लांबी सुमारे 2.7 किलोमीटर आहे आणि मध्ये लाकडी पूल असल्यामुळे आपण कोठे आहोत हे चांगल्या चांगल्यांना समजत नाही. त्यासाठी हातात तास-दीड तास असल्याशिवाय आत शिरू नये.

प्रश्न (रेडिंग येथील वाचक) : आम्ही भाड्याची गाडी घेऊन जाणार आहोत. माकडांच्या कुंपणातून गाडी न्यावी का? मुले ऐकायला तयार नाहीत.

उत्तर : भाड्याची गाडी असेल तर नेऊ नका. ही ऱ्हीसस जातीची, मूळची आपल्याच उत्तर भारतातली माकडे आहेत आणि महाबळेश्वरला हातातले कणीस गेल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना त्यांच्या कसबाची वेगळी ओळख करून द्यायला नको. येथे त्यांचा जीव जडला आहे तो वायपरच्या पट्ट्या, एरियल आणि खिडक्यांभोवतीच्या रबरावर. नुकसानीची जबाबदारी उद्यान घेत नाही आणि भाड्याच्या गाडीवरील ओरखड्याची रक्कम शेवटी आपल्यालाच भरावी लागते. हा भाग टाळून पुढे जाण्यासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. मुलांचा हट्ट मोडवत नसेल, तर उद्यानाच्या सफारी बसची जागा आधी राखून ठेवा. कापडी टपाच्या गाड्यांना हिंस्र प्राण्यांच्या भागात प्रवेशच नसल्यामुळे तशी गाडी असणाऱ्यांनाही हाच मार्ग आहे. आणखी एक गोष्ट सर्वांसाठी : वाघ-सिंहांच्या भागात गाडी बंद पडली, तर कोणत्याही कारणाने दार वा खिडकी उघडायची नाही, हॉर्न वाजवून रक्षकांची वाट पाहायची. हे लहान मुलांना आत शिरण्यापूर्वी शब्दशः सांगून ठेवावे.

प्रश्न (लेस्टर येथील वाचक) : माझी बारा वर्षांची मुलगी सफारी उद्यानात यायला नकार देते. आफ्रिकेच्या प्राण्यांना इंग्लंडच्या थंडीत करमणुकीसाठी ठेवणे चुकीचे आहे, असे ती म्हणते. तिची समजूत कशी काढावी?

उत्तर : तिची समजूत काढू नका, तिचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर कोणाजवळ आहे, असे मला वाटत नाही. लाँगलीटची सुरुवात सर्कसवाल्यांच्या मदतीने झाली आणि तिकिटांच्या पैशासाठी झाली, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र ती गोष्ट तेथेच संपत नाही, हेही तिला सांगावे. 1981 च्या कायद्याने अशा सर्व उद्यानांना परवाना आणि तपासणी सक्तीची झाली. सर्कशीत आयुष्य गेलेल्या ॲन नावाच्या वृद्ध हत्तिणीला होणारी मारहाण छुप्या चित्रीकरणामुळे उघडकीस आली, तेव्हा 2011 मध्ये तिला आश्रय मिळाला तो लाँगलीटमध्येच. आणि 2020 पासून इंग्लंडमध्ये सर्कशीत वन्यप्राणी वापरण्यावरच बंदी आली. थंडीविषयी म्हणाल, तर सिंह ती बरीच सहन करतात आणि वाघ तर सैबेरियाकडील आमूर जातीचे आहेत. अधिक नाजूक प्राण्यांसाठी उबदार निवारे असतात.

आपण लेस्टरला राहता, तेव्हा लाँगलीटऐवजी बेडफर्डशरमधील वोबर्न आपल्याला जवळ पडेल, आणि आपल्या मुलीसाठी मी तेच निवडेन. तेथेही ड्यूक ऑफ बेडफर्ड यांचा प्रासाद आहे, 1970 मध्ये त्याच चिपरफील्ड यांच्या साहाय्याने सुरू झालेले सफारी उद्यान आहे, पण पाहायचे आहे ते त्याच्या शेजारचे हरणांचे विस्तीर्ण रान. पेर डेव्हिड या नावाने ओळखले जाणारे, चीनमधील एक मोठे, दलदलीत राहणारे हरीण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केवळ पेकिंगजवळच्या (आजच्या बीजिंगजवळच्या) शाही शिकारखान्यात उरले होते. आधी पूर आणि मग 1900 च्या सुमाराची बंडाळी यांत चीनमधील कळप संपला. अकराव्या ड्यूकने युरोपातील प्राणिसंग्रहालयांतून उरलीसुरली 18 हरणे गोळा करून वोबर्नमध्ये आणली. आज जगात असलेले या जातीचे प्रत्येक हरीण त्या मूठभर हरणांच्या वंशातले आहे आणि 1985 मध्ये वोबर्नमधूनच काही हरणे पेकिंगजवळच्या त्याच जुन्या शिकारखान्याच्या जागी परत पाठवण्यात आली. बंदिवासात ठेवणे वाईट, या मुलीच्या म्हणण्याला हा पुरावा खोडून काढत नाही. पण एका उमरावाच्या हौशीमुळे एक जात पृथ्वीवरून नाहीशी होता होता राहिली, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी समोर ठेवून तिला स्वतः ठरवू द्या. ती आली नाही, तरी तिच्यावर रागावू नये.

प्रश्न (स्विंडन येथील वाचक) : आमच्या घरी सगळे शाकाहारी आहेत आणि आईला उपवास असतो. डबा नेलेला चालतो का?

उत्तर : चालतो, आणि तोच न्यावा. सफारीच्या रस्त्यावर गाडीत डबा उघडू नये, कारण खिडक्या बंद असतात आणि सर्वांचे लक्ष बाहेर असायला हवे. लाँगलीटमध्ये प्रासादासमोरच्या हिरवळीवर किंवा तळ्याकाठी चादर अंथरून बसता येते. ही उताराची हिरवळ आणि झाडांचे विखुरलेले पुंजके निसर्गाने दिल्यासारखे वाटतात, पण अठराव्या शतकात लँसलॉट ब्राउन या उद्यानकाराने आखीव बागा मोडून ते मुद्दाम तसे घडवले आहेत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि आईंसाठी शेंगदाण्याचे लाडू किंवा राजगिऱ्याच्या वड्या असे न सांडणारे पदार्थ घ्या. साबुदाण्याची खिचडी दुपारपर्यंत घट्ट होते. चहा थर्मासमध्ये भरून घ्या, कारण जूनमध्येही तळ्यावरून येणारा वारा गार असतो, आणि त्याच कारणासाठी आईंची शाल गाडीत विसरू नका.